ऐनाच्या सालीत उकळलेलं जाळं

मला मासे पकडता येत नाहीत. मासे पकडणाऱ्यांना पकडणं हे माझं काम होतं, आणि तरुणपणी मला त्याचा भलताच अभिमान होता.

साठचं दशक निम्मं सरलं होतं. बी.एस्सी. होऊन मी वर्षभर घरी बसलो होतो. मग सरकारच्या मत्स्यखात्यात निरीक्षकाची तात्पुरती जागा निघाली आणि माझी नेमणूक नेमकी आमच्या भोरलाच झाली. अब्बांचं बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "मुलगा काय करतो मास्तर?" अब्बा मशीनवरून मान वर न करता सांगायचे, "माशांची राखण." मग दुकानात जो असेल तो हसायचा. गावात मला मासेसाहेब असं नाव पडलं. ज्यांच्या बरोबर मी शाळेत छड्या खाल्ल्या तेही मला तसंच हाक मारायचे, आणि मी ओ द्यायचो. नाहीतर दुसरं काय करणार?

राखण करण्याजोगं मात्र खरंच काही उरलं नव्हतं. धरणाच्या पाण्यात पूर्वी हातभर लांबीचे खडस असत, मरळ असत, वांब असे. घाटरस्त्याच्या कामावरचे सुरुंग चोरून आणून लोकांनी ते पाण्यात फोडायला सुरुवात केली. एक सुरुंग फोडला की डोह पांढरा व्हायचा. त्यातले निम्मे मासे तळाशी जाऊन कुजायचे, उरलेले पाट्यांतून जायचे. सुरुंगातून जे वाचलं ते बारीक भोकांच्या जाळ्यांनी काढलं. करंगळीएवढी पिल्लंसुद्धा वाळवून विकली जायची. शेवटी खात्यानं धरणात मासेमारीच बंद केली. तीन वर्षं कोणी पाण्यात जाळं टाकायचं नाही असा हुकूम निघाला. दरम्यान खातं रोहू-कटल्याचं बी आणून पाण्यात सोडणार होतं. मी रुजू झालो तेव्हा बंदीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं.

सायकलवरून काठाकाठानं फिरायचं आणि कोणी जाळं टाकलेलं नाही ना ते बघायचं, एवढंच काम. सायकल जाईना तिथं चालायचं. हिर्डोशीकडं गेलो तर एस.टी.ची वाट बघण्यापेक्षा चालत परत आलेलं लवकर व्हायचं.

धरणाच्या वरच्या अंगाला सातआठ घरांची भोईवस्ती होती. मासेमारी हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्यातलं शेवटचं घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. म्हाताऱ्याला मी बाबा म्हणायचो. ते साठीच्या पुढचे असावेत, त्यांना स्वतःला नक्की सांगता यायचं नाही. बंदी आल्यावर ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. मावशी, म्हणजे त्यांची बायको, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव सुकट नि बोंबील विकायची. वरंध घाटातून कोकणातला माल यायचा, तो ती घ्यायची. भोयाची बायको खाऱ्या पाण्यातले वाळके मासे विकते याचं वस्तीला हसू यायचं. तिला स्वतःलाही यायचं.

"आमच्या दारातलं पानी सरकारचं," ती म्हणायची, "म्हून आमी समुद्र इकतो."

बाबा हसायचे नाहीत. हुकूम त्यांना पटला होता. ते एकटेच असे भेटले की ज्यांना तो पटला होता. बाकीचे मला चहा देत आणि माझी पाठ वळली की शिव्या देत, त्यांचंही काही चुकत नव्हतं. बाबा सांगायचे, "म्या सोता बारीक जाळं वढलंय साहेब. पिल्लं पाटीत उड्या मारायची. आता तीन सालं गप बसायला काय हुतंय." खडी फोडून त्यांचे हात सोलवटून गेले होते आणि तरी ते असं म्हणायचे, म्हणून मला ते आवडायचे. खरं सांगायचं तर आपण करतोय ते बरोबर आहे असं मला वाटायला लावणारे ते एकच माणूस होते.

बंदीच्या तिसऱ्या वर्षी नवे नियम आले. पावसाचे तीन महिने मासेमारी बंद, कारण तेव्हा मासे ओढ्यांतून वर चढून अंडी घालतात. ज्याच्याकडं परवाना त्यानंच मासे धरायचे. आणि जाळ्याचं भोक दोन इंचांपेक्षा लहान नको, म्हणजे पिल्लं सुटून जातील. प्रत्येक जाळं मी मोजायचं आणि पास झालं की त्याच्या दोरीला शिशाचा शिक्का चिमट्यानं दाबून बसवायचा. मोजण्यासाठी खात्यानं बरोबर दोन इंच रुंदीचा सागवानी ठोकळा दिला होता. तो भोकातून न ओढता आरपार गेला तर जाळं पास, अडकला तर नापास. शिक्क्याशिवाय पाण्यात दिसलेलं किंवा मापात न बसणारं जाळं जप्त करून जागच्या जागी कापायचं आणि परवाना रद्द करायचा.

त्या उन्हाळ्यात वस्तीवर जाळी मोजायला गेलो. बहुतेकांनी पुण्याहून नायलॉनची तयार जाळी आणली होती. दोघातिघांकडं मोठ्या भोकांची जुनी जाळी निघाली. बाबांनी मात्र आपलं बारीक भोकांचं जुनं जाळं, नियम कळल्या दिवशीच, कोणी न सांगता कापून टाकलं होतं. त्याचे तुकडे त्यांनी दुधी भोपळ्याच्या वेलाला मांडव म्हणून बांधले होते. आणि सगळा हिवाळा बसून त्यांनी सुताचं नवं जाळं विणलं होतं. नायलॉन त्यांना परवडलं असतं की नाही माहीत नाही, पण ते त्यांना आवडत नव्हतं. ते पाण्यात बसत नाही, तरंगतं, असं त्यांचं म्हणणं. विणताना माप म्हणून त्यांनी माझ्याकडून ठोकळ्याच्या रुंदीची एक बांबूची पट्टी तासून घेतली होती, आणि प्रत्येक गाठ त्या पट्टीवर मारली होती.

जाळं अंगणात पसरलं होतं. नवं सूत, पांढरंशुभ्र. अजून ते उकळायचं होतं. सुताचं जाळं ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळतात, म्हणजे ते कुजत नाही आणि त्याला तांबूस रंग चढतो. मी विचारलं, "बाबा, उकळून झाल्यावर मोजू का? पुढच्या महिन्यात परत येतोच आहे."

बाबा आणि मावशीनं एकमेकांकडं बघितलं. मग मावशी म्हणाली, "तसं न्हाई चालत साहेब. उकाळल्यालं नवं जाळं पान्यात उतरूस्तवर भायेरच्या मानसानं हात लावायचा न्हाई. आमच्यात पाळत्यात ते."

"तुमी म्हनशीला तर लावा," बाबा घाईनं म्हणाले. "सरकारचं काम हाय."

पाळतात तर पाळतात, माझं काय जातंय, असा विचार मी केला. दुसऱ्याच्या घरची रीत मोडायला मला संकोच वाटायचा, आणि त्या संकोचाचंही मला कौतुक वाटायचं. मी खाली बसून पंचवीसतीस भोकं तपासली. ठोकळा सगळ्यांतून अलगद आरपार गेला. जागा उरत नव्हती आणि अडकतही नव्हता. इतकं बरोबर जाळं मी त्या उन्हाळ्यात दुसरं पाहिलं नाही. मी शिक्का दाबला. बाबांनी तो बोटानं चाचपून बघितला आणि मावशीला म्हणाले, "बग, झालं."

पावसाळा संपल्यावर पाणी उघडलं. मासे परत आले होते, आणि ते बघून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. वस्तीच्या काठावर सकाळी होड्या लागायच्या तेव्हा रोहू आणि कटले असत, आणि अधूनमधून एखादा खडस, सोनेरी खवल्यांचा, जो खात्यानं सोडलेला नव्हता. तो आपण होऊन टिकला होता. बाबांनी पहिला खडस मला उचलून दाखवला, आणि मावशीनं त्या दिवसापासून बोंबलाची पाटी उपडी करून ठेवली. बाबांचं जाळं तांबूस झालं होतं. उन्हात वाळत घातलेलं मी ते रोज बघत होतो. ठोकळा माझ्या पिशवीत होता, पण शिक्का मारलेल्या जाळ्याला परत कशाला लावायचा?

दिवाळीच्या आधी पुण्याहून आमचे मोठे साहेब तपासणीला आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. नियमानं चालणारे, कोणाकडून पाण्याचा तांब्याही न घेणारे. सगळी जाळी काठावर पसरून घेतली. नायलॉनची पास झाली, जुनीही पास झाली. मग ते बाबांच्या जाळ्याशी बसले आणि ठोकळा भोकाला लावला. ठोकळा अडकला. त्यांनी दुसरं भोक बघितलं, तिसरं बघितलं, दहा ठिकाणी बघितलं. सगळीकडं सूतभर कमी.

मला तेव्हाच कळलं. एका क्षणात, डोक्यात दिवा लागावा तसं. आमच्या दुकानात मांजरपाटाचं कापड आलं की अब्बा आधी ते बादलीत बुडवत, वाळवत आणि मगच कात्री लावत. न भिजवता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात आटतो. हे मी चालायला लागल्यापासून बघत होतो. त्या बादलीत कापड दाबून धरायचं काम माझंच असायचं. सूत उकळलं की आटणार, हे भोरातल्या कोणाला नाही तरी मला ठाऊक असायला हवं होतं. बाबांनाही जाळं आटतं हे ठाऊक असणार, पण त्यांच्या आयुष्यात कोणी जाळं इंचात मोजलं नव्हतं. आणि शिक्का एकदा बसला की जाळं पास झालं, अशी त्यांची समजूत होती.

साहेबांनी शिक्का बघितला, तो माझाच होता. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मोजलं तेव्हा माप बरोबर होतं?"

"होय साहेब, बरोबर होतं."

"मग शिक्का मारल्यावर याला काय केलं?" हे त्यांनी बाबांना विचारलं.

"उकाळलं की साहेब."

"कोणाला विचारून?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "नवं जाळं उकाळत्यातच," ते म्हणाले. "म्या काय वंगाळ केलं न्हाई. ह्या साहेबांनी नीट मोजल्यालं हाय, त्यांची काई चूक न्हाई."

त्यांना मला वाचवायचं वगैरे नव्हतं. मी नीट मोजलं होतं असं त्यांना खरोखरच वाटत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं: साहेब, मी कच्चं जाळं मोजलं, उकळून मोजायला हवं होतं, चूक माझी आहे. दोन महिन्यांनी मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार होतं आणि ते ठरवणारे माझ्यासमोर उकिडवे बसले होते. मी गप्प राहिलो. त्या दिवशी मी जे बोललो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी नंतर स्वतःला खूपदा सांगितलं आहे.

पंचनामा मीच लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. साहेबांनी मजकूर सांगितला: शिक्का मारलेल्या जाळ्यात नंतर फेरफार करून नियमबाह्य जाळे वापरले. मग शिपायानं कोयत्यानं जाळं कापलं. ओलं सुती जाळं सहजासहजी कापलं जात नाही, त्याला बराच वेळ लागला. मावशी दारात उभी होती. तिनं मला चहा विचारला नाही, आणि ते बरंच झालं.

त्या संध्याकाळी मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"कापड भिजवल्याशिवाय आपण कात्री लावत नाही," ते म्हणाले. "एवढं तरी घेऊन जायचं होतंस या दुकानातून."

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस? साहेबांना कागद लिही. माझ्या हातून गिऱ्हाईकाचा सदरा आखूड झाला तर मी गिऱ्हाईकाला दोष देत नाही."

मी कागद लिहिला, पण दुसराच. मी कायम झालो त्याच्या पुढच्या महिन्यात एक सूचना करून पाठवली की सुती जाळी उकळल्यानंतर आणि ओली असताना मोजावीत, कारण सूत आटते. एका निरीक्षकाला हे कसं सुचलं याचं वर कौतुक झालं. नियम बदलला आणि मला शाबासकीचं पत्र आलं. बाबांचं नाव त्या सूचनेत कुठंच नव्हतं. अब्बांनी ते पत्र वाचलं आणि गादीवर ठेवलं, परत त्याबद्दल बोलले नाहीत. आमचं बोलणं एरवी नेहमीसारखं चालू राहिलं, ते पत्र तेवढं वगळून.

बाबा परत खडीवर गेले. मावशीनं परत पाटी उचलली. पाण्यात मासे वाढत होते, होड्या भरून येत होत्या आणि माझ्या तिमाही अहवालांत तसं लिहिलं जात होतं, सगळं खरं. रस्त्यावर बाबा भेटले की "रामराम साहेब" म्हणायचे आणि विचारायचे, "खडस गावतोय का अजून?" गावतोय, असं मी सांगायचो. त्यांना बरं वाटायचं. मला वाटायचं की यांनी एकदा तरी मला शिव्या द्याव्यात.

परवाना रद्द झाल्यापासून वर्ष झालं की पुन्हा अर्ज करता यायचा. अर्ज जिल्ह्याला जायचा आणि तिथं एकच रकाना बघितला जायचा: पूर्वी झालेल्या कारवाईचे कारण. हातून नकळत काही घडलं असेल तर परवाना मिळायचा. फेरफार हा शब्द असेल तर अर्ज परत येत नसे, त्याला उत्तरच नसे. माझ्या हाताखालून तसे दोन अर्ज गेले होते.

वर्ष भरलं त्या आठवड्यात बाबा कचेरीत आले. धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका. त्यांनी पुन्हा जाळं विणायला घेतलं होतं आणि ह्या खेपेला ते उकळूनच आणणार होते. "तुमी हात लावला तरी चालंल," ते म्हणाले. "तिला सांगितलंय म्या."

मी अर्ज भरायला घेतला. नाव, गाव, वय अंदाजे. मग तो रकाना आला. मी म्हटलं, "बाबा, परवाना का रद्द झाला ते इथं लिहायचं असतं."

"लिवा की. उकाळल्यावर जाळं आटलं."

पंचनाम्याची नक्कल अर्जाला जोडलेली होती. ती माझ्याच अक्षरात होती. रकान्यात आटलं असं लिहिलं असतं तर दोन कागद जुळले नसते. कोणीतरी विचारलं असतं की आटलं तर मोजणाऱ्यानं कसं मोजलं होतं. मी टाक दौतीत बुडवला. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग मी लिहिलं: शिक्का मारलेल्या जाळ्यात फेरफार.

"काय लिवलं?" बाबांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"उकळल्यावर जाळं आटलं," मी वाचून दाखवलं.

"बराबर," ते म्हणाले, आणि अंगठा पुढं केला. मी त्याला शाई लावली.